प्रतिसाद: एसटी आणि रेल्वेतला फरक

'नवरा माझा नवसाचा २' हा सिनेमा फक्त पहिल्या भागाच्या जुन्या आठवणींवर तरलाय, हे इथे एकाने मांडलेलं म्हणणं अर्धंच पटलं. आमच्या हॉस्टेलमधल्या एकाने पहिला भाग पाहिलेलाच नव्हता, आणि सगळ्यात जास्त तोच खिदळत होता. मी मात्र प्रत्येक सीनला तुलना करत बसलेलो.

मला खटकली ती गाडी. पहिल्यात सगळी वरात एका एसटीत कोंबलेली, कुणी काही बोललं की अख्ख्या बसला ऐकू जाणार. गंमत त्या कोंडमाऱ्यातच होती. २०२४च्या भागात कोकण रेल्वे आली आणि अशोक सराफ कंडक्टरचे टीसी झाले (टायमिंग मात्र अजून तेच!). पण रेल्वेत कंटाळलेला माणूस उठून दुसऱ्या डब्यात जाऊ शकतो. मग भांडण रंगणार कसं?