लॉग म्हणजे ओंडकाच

इंग्रजीत लॉग म्हणजे लाकडाचा ओंडका. संगणकावरच्या ‘लॉगिन’मधल्या लॉगचा त्या लाकडाशी संबंध नाही, नुसता उच्चार सारखा, असं म्हणतात ते मला पटत नाही. संबंध आहे, आणि तो जहाजावरून आलाय. वेग मोजायला खलाशी दोरीला बांधलेली लाकडी फळी जहाजाच्या मागे पाण्यात सोडत. तिलाच लॉग म्हणत. फळी पाण्यात जवळजवळ जागच्या जागी राही, जहाज पुढे जाई, आणि २८ सेकंदांचं वाळूचं घड्याळ रिकामं होईपर्यंत दोरीच्या किती गाठी हातातून सुटल्या ते मोजत. दोन गाठींत ४७ फूट ३ इंच, म्हणजे जितक्या गाठी (इंग्रजीत नॉट) तितके सागरी मैल ताशी. म्हणून ‘ताशी दहा नॉट’ लिहू नये, नॉट हा मुळात वेगच आहे. हे आकडे ज्या वहीत उतरवत ती लॉगबुक, आणि संगणकातला लॉग, म्हणजे नोंद, आणि ‘लॉगिन’ही त्या वहीवरून आले. गणितातला लॉग (लॉगरिदम) मात्र ग्रीक ‘लोगोस’वरून आलाय, तो खरोखरच वेगळा.

बडोद्यात एका कारखान्याच्या बॉयलर हाउसमध्ये मी बरीच वर्षं लॉगबुक भरलं. दर तासाला वाफेचा दाब, पाण्याची पातळी, फीड पंपाची स्थिती. वहीच्या कडा तेलकट बोटांनी काळ्या झालेल्या, पेन सुतळीने टेबलाला बांधलेलं. पाळी बदलताना पुढचा माणूस आधी विचारायचा, “लॉग भर्यो?” समुद्र न पाहिलेली माणसंही तिथे हा शब्द रोज वापरायची.