मदत हवी आहे: साडीचा रंग फोटोत बदलतोय, व्हाईट बॅलन्स आणि केल्विन कोणी नीट समजावून सांगेल का?

नमस्कार मंडळी,

मी आणि माझी मावशी मिळून येवल्याच्या पैठण्या, इरकल आणि खणाचे ब्लाऊजपीस विकतो. दुकान वगैरे नाही, घरूनच, व्हॉट्सॲप ग्रुप आणि इन्स्टावर. माल निवडणं मावशीचं काम, फोटो माझ्याकडे. भावाचा डीएसएलआर आहे, किट लेन्सच आहे, पण फोकस, शार्पनेस ह्याची काही तक्रार नाही. तक्रार रंगाची आहे आणि ती आता गिऱ्हाइकांपर्यंत पोचलीये म्हणून इथे लिहितेय.

वांगी रंगाची पैठणी फोटोत चक्क निळी दिसते. डाळिंबी आहे ती विटकरी होते. राणी कलरचा तर नुसता गुलाबी डाग दिसतो, वरचं विणकामच गायब. आणि सगळ्यात डोकं फिरवणारी गोष्ट म्हणजे एकाच साडीचे मी एकापाठोपाठ फोटो काढते, घडीचा, पदराचा जवळून, काठाचा, मग मावशीच्या खांद्यावर टाकून, उजेड तोच, जागा तीच, आणि प्रत्येक फोटोत साडीचा रंग वेगळा! मागच्या महिन्यात एका बाईंनी वांगी साडी परत पाठवली कारण त्यांना फोटोत दिसलेला निळाच हवा होता, मॅचिंग ब्लाऊजसुद्धा शिवून तयार होता. त्यांचं चुकलं असं मी म्हणूच शकत नाही, आम्हाला फार वाईट वाटलं.

आता सेटअप सांगते. हॉलमध्ये काढते, एका बाजूला गॅलरीचं मोठं दार, दुपारी तिथून भरपूर उजेड येतो, वर छताला एलईडी ट्यूब चालू असते कारण नाहीतर कोपरा काळा पडतो. भिंतीला पिस्ता कलर. कॅमेऱ्यात व्हाईट बॅलन्स (म्हणजे उजेड कसाही असला तरी पांढरं पांढरंच दिसावं म्हणून रंग जुळवणारी सेटिंग) ऑटोवर असतो. कधी डेलाईट, कधी शेड करून बघते, पण एका साडीला जमलं की दुसरीला बिघडतं.

आणि एक गोष्ट डोक्यातच शिरत नाहीये. सगळीकडे वाचते की कमी केल्विन म्हणजे पिवळा उजेड आणि जास्त केल्विन म्हणजे निळा. मग कॅमेऱ्यात मी आकडा ८००० केला की फोटो निळा व्हायला पाहिजे ना? तो तर पिवळाधमक होतो. आणि ३००० केला की निळाशार. हे उलटं का? प्लीज कोणीतरी अगदी पहिल्यापासून सांगा, मला नुसती सेटिंग नकोत, समजून घ्यायचंय.

*

शटरवाला:

ताई, पहिलं काम, फोटो नेहमीच्या जेपेग फाईलऐवजी रॉ फाईलमध्ये काढा, कॅमेऱ्यात तशी सेटिंग असते. जेपेगमध्ये व्हाईट बॅलन्स फोटोत शिजून जातो, नंतर ओढाताण केली की रंग फाटतात. रॉ मध्ये सेन्सरने मोजलेलं कच्चं असतं आणि व्हाईट बॅलन्स ही सोबतची नुसती नोंद असते, ती कॉम्प्युटरवर कधीही बदलता येते, क्वालिटी जात नाही. बाकीचं जाणकार सांगतीलच.

*

खिडकीपाशी:

प्रश्न फार नीट मांडलाय, म्हणून सविस्तर लिहितो. मी बरीच वर्षं प्रॉडक्टचे फोटो काढतोय, त्यात कपडे जास्त, आणि रंग बरोबर यावा ह्याच्यासाठी जीव टाकणारा माणूस आहे.

आधी केल्विन. लोहाराच्या भट्टीत लोखंड तापतं तेव्हा आधी लालबुंद होतं, मग नारिंगी, मग पिवळं, मग पांढरट. अजून तापवता आलं असतं तर निळसर झालं असतं. म्हणजे तापमान आणि उजेडाचा रंग ह्यांची जोडी ठरलेली आहे, आणि म्हणून उजेडाचा रंग तापमानाच्या आकड्यात सांगायची पद्धत पडली. समईची ज्योत साधारण १९०० केल्विन, जुना पिवळा बल्ब २७०० ते २८००, स्टुडिओतला हॅलोजन ३२००, भर दुपारचं ऊन ५२०० ते ५५००, ढगाळ असेल तर ६००० ते ६५००, आणि सावलीत, जिथे थेट ऊन नाही फक्त निळ्या आकाशाचा उजेड आहे तिथे ७०००-८००० किंवा त्याच्याही वर. आपल्याकडे कूल डेलाईट म्हणून ज्या ट्यूब आणि बल्ब विकतात ते ६५०० चे असतात, खोक्यावर लिहिलेलंच असतं.

आता तुमचं उलटं. कॅमेऱ्यातला आकडा म्हणजे 'मला असा रंग दे' अशी ऑर्डर नाहीये, 'इथे असा उजेड आहे' अशी तुम्ही कॅमेऱ्याला दिलेली माहिती आहे. तुम्ही ८००० सांगितलंत की कॅमेरा धरून चालतो की इथला उजेड निळा आहे, मग तो निळा मारायला स्वतःहून लाल-पिवळं वाढवतो. उजेड खरंच सावलीतला असेल तर दोन्ही एकमेकांना कापतात आणि पांढरं पांढरं दिसतं. पण उजेड ५५०० चाच असेल तर वाढवलेलं पिवळं तसंच उरतं, म्हणून फोटो पिवळाधमक. ३००० ला बरोबर ह्याच्या उलट. आत खरं काय होतं तर सेन्सरकडून आलेल्या लाल, हिरव्या आणि निळ्या आकड्यांपैकी लाल आणि निळ्याला कॅमेरा कमीजास्त गुणतो, बस, एवढंच.

अजून एक, केल्विनची पावलं सारखी नसतात. २७०० चं ३००० केलं तर फरक ढळढळीत दिसतो, ६००० चं ६३०० केलं तर जेमतेम कळतो, दोन्हीकडे ३०० चाच फरक असून. म्हणून जुने फिल्मवाले मायर्डमध्ये मोजायचे, दहा लाखाला केल्विनने भागायचं. २७०० चे ३७० येतात आणि ३००० चे ३३३, म्हणजे फरक ३७ चा. तिकडे ६००० चे १६७ आणि ६३०० चे १५९, फरक फक्त ८. तेव्हा पिवळ्या उजेडात आकडा जपून हलवायचा आणि सावलीत बिनधास्त.

आता ऑटो. एकाच साडीचे रंग वेगवेगळे का, तर ऑटोला साडी माहीत नसते, त्याला फक्त चौकटीत आलेले रंग दिसतात. जुना साधा नियम असा की चौकटीतल्या सगळ्या रंगांची सरासरी राखाडी यायला हवी, आताचे कॅमेरे ह्याच्यापेक्षा हुशार आहेत पण गोम तीच राहते. तुम्ही डाळिंबी पदर जवळून घेतलात, चौकट भरून लालच लाल, कॅमेऱ्याला वाटतं उजेडच लाल आहे, तो लाल कमी करतो, झाली विटकरी. खांद्यावर टाकून काढलात तर मागे भिंत आली, चेहरा आला, सरासरी बदलली, रंग बदलला. जरीचे धागे चमकले तर अजून वेगळं. म्हणून मालाच्या फोटोला ऑटो नकोच, एकदा ठरवायचं आणि ती साडी संपेपर्यंत हात लावायचा नाही.

ठरवायचं कसं, तर ग्रे कार्ड (ठरावीक राखाडी रंगाचं कार्ड) घ्या, फोटोच्या सामानाच्या दुकानात मिळतं. साडी जिथे ठेवणार तिथेच कार्ड धरून चौकट भरून फोटो काढायचा आणि कॅमेऱ्याच्या कस्टम व्हाईट बॅलन्समध्ये तो फोटो द्यायचा. निकॉनमध्ये ह्याला प्री म्हणतात, कॅननमध्ये कस्टम. पांढरा कागद वापरा असं बरेच जण सांगतात, मी सांगणार नाही. छपाईच्या कागदात उजळपणासाठी केमिकल घातलेलं असतं, ते उन्हातलं अल्ट्राव्हायोलेट घेऊन निळा उजेड परत टाकतं, म्हणजे कागद खरा पांढरा नसून निळसर असतो, आणि कॅमेरा तो निळा मारायला गेला की अख्खा फोटो पिवळट होतो. पांढरा पंचा किंवा धोतर तर त्याहून नको, नीळ आणि डिटर्जंट दोन्ही तेच करतात.

आणि तुमच्या सेटअपमधली मुख्य अडचण, दोन उजेड. गॅलरीतून येणारा एक, ट्यूबचा दुसरा. साडीच्या अर्ध्या घडीवर एक पडतो आणि अर्ध्यावर दुसरा, आणि व्हाईट बॅलन्स अख्ख्या फोटोला एकच लागतो, मग तुम्ही काहीही केलंत तरी एक बाजू बिघडणारच. ट्यूब बंद करा. कोपरा काळा पडतो तिथे पांढरा थर्माकोल उभा करा, गॅलरीचाच उजेड परत फिरेल. पिस्ता भिंतसुद्धा साडीवर हिरवा रंग टाकते, विशेषतः सावलीच्या बाजूला, तिच्यापुढे पांढरी किंवा राखाडी चादर लावा. हा हिरवा केल्विनने जात नाही बरं का, केल्विन फक्त पिवळा-निळा बघतो. हिरवा-गुलाबी बघायला टिंट नावाची वेगळी पट्टी असते. चोकवाल्या जुन्या ट्यूबखाली फोटो हिरवट यायचे त्याचं कारण हेच, नुसता आकडा फिरवून माणूस दमायचा.

*

काठपदर:

वरचं सगळं पटलं पण मी साडीच्या बाजूने बोलते, माझं माहेर येवल्याचं. ताई, तुमच्या सगळ्याच साड्यांचा दोष कॅमेऱ्यावर टाकू नका. पैठणीत धूपछांव असते, उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा, मोरपंखीत निळा आणि हिरवा असे दोन. साडी हातात घेऊन जरा कलती केली की रंग पालटतो, तीच तर तिची मजा. अशा साडीचा एक फोटो बरोबर असूच शकत नाही हो, कितीही व्हाईट बॅलन्स करा. एक समोरून, एक कडेने, आणि जमलं तर घडी हळूहळू फिरवतानाचा छोटा व्हिडिओ, असं टाका. गिऱ्हाइकाला दोन्ही रंग दिसू देत, मग साडी परत येत नाही.

*

शटरवाला:

मस्त मुद्दा. आणि राणी कलरचं सांगायचं राहिलं, विणकाम गायब होतं ते व्हाईट बॅलन्समुळे नाही, लाल चॅनल, म्हणजे फोटोतला लाल रंगाचा हिस्सा, भरून वाहतो. पांढऱ्यात काही उडालेलं नसतं म्हणून आपल्याला वाटतं एक्स्पोजर बरोबर आहे, पण कॅमेऱ्यात तीन रंगांचे वेगळे हिस्टोग्राम (किती भाग किती उजळ आहे ते दाखवणारे आलेख) बघायची सोय असते, तिथे लाल उजव्या भिंतीला चिकटलेला दिसेल. एक्स्पोजर अर्धा-एक स्टॉप (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा) कमी करा, बुट्ट्या परत दिसतील.

*

धागाकर्ती:

सगळ्यांचे मनापासून आभार, खिडकीपाशी दादा तुमचं तर विशेष, 'ऑर्डर नाही, माहिती आहे' हे वाचलं आणि डोक्यातली गाठच सुटली. काल ट्यूब बंद केली, भिंतीपुढे राखाडी चादर, ग्रे कार्ड भावाच्या मित्राकडून आणलं, कस्टम केलं. डाळिंबी हुबेहूब आली!! घडी, पदर, काठ सगळीकडे एकच रंग. राणीसुद्धा एक्स्पोजर कमी केल्यावर आली, बुट्टी न् बुट्टी मोजता येते. काठपदर ताई, मोरपंखीचा व्हिडिओ मावशीने हट्टाने स्वतः काढला, छान आलाय.

पण वांगी अजून निळसरच येते. आधीपेक्षा पुष्कळ बरी आहे, तरी साडी शेजारी धरली की फरक कळतो. कार्ड तर अगदी राखाडी दिसतंय, मग हिलाच काय झालं? दुसरं, रात्री काढायची वेळ आली तर कोणता बल्ब घेऊ? आणि तिसरं, माझ्या फोनवर बरोबर दिसतं, मावशीच्या फोनवर तोच फोटो पिवळट दिसतो, आता हे काय?

*

खिडकीपाशी:

वा, डाळिंबी जमली म्हणजे पाया पक्का झाला. वांग्याचं असं आहे की जांभळ्याला आपला डोळा आणि कॅमेऱ्याचा सेन्सर सारखं मोजत नाहीत, बहुतेक कॅमेऱ्यांत तो निळ्याकडे झुकतो. व्हाईट बॅलन्स राखाडी बरोबर आणतो, प्रत्येक रंग बरोबर आणायची हमी तो देत नाही. कार्ड बरोबर दिसतंय ना, मग व्हाईट बॅलन्सला आता हात लावू नका, नाहीतर जरीचा सोनेरी बिघडेल. रॉ उघडून फक्त जांभळ्या आणि निळ्याचा ह्यू (रंगाची छटा) थोडा गुलाबीकडे सरकवा, साडी शेजारी धरून, दिवसाच्या उजेडात बघून. एकदा जमलं की ती सेटिंग प्रीसेट म्हणून ठेवा आणि फक्त वांगी, जांभळी ह्याच साड्यांना लावा.

बल्ब घेताना केल्विनपेक्षा सीआरआय (त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा १०० पैकी आकडा) बघा. केल्विन उजेड पिवळा की निळा एवढंच सांगतो, त्या उजेडात सगळे रंग आहेत का ते सीआरआयवरून कळतं. घरगुती एलईडी साधारण ८० चे असतात आणि त्यांच्यात गडद लाल कमी पडतो, डाळिंबी त्यांच्याखाली मरगळते, आणि जो रंग उजेडातच नाही तो कॅमेरा आणणार कुठून. ९५ किंवा वरचे दोन दिवे घ्या, दोन्ही एकाच कंपनीचे, एकाच आकड्याचे, ५०००-५६०० केल्विनमधले, आणि तेव्हा गॅलरीचा पडदा ओढून घ्या.

फोनचं म्हणाल तर मावशीच्या फोनमध्ये डोळ्यांना त्रास नको म्हणून स्क्रीन पिवळी करायची सोय चालू असेल, ती बंद करून बघा. २०१५ मध्ये तो एक ड्रेस जगभर गाजला होता आठवतं का, कोणाला निळा-काळा दिसायचा आणि कोणाला पांढरा-सोनेरी, खरा तो निळा-काळाच होता. त्यात तर भांडण स्क्रीनचंही नव्हतं, एकाच फोनवर शेजारी शेजारी बसून लोकांना वेगळं दिसत होतं, कारण तिथला उजेड कसा असेल ह्याचा अंदाज प्रत्येकाचा मेंदू आपापला बांधत होता. म्हणून प्रत्येक साडीच्या एका तरी फोटोत कडेला पांढरंशुभ्र आणि काळं असं काहीतरी ठेवा, बघणाऱ्याच्या नजरेला आधार मिळतो.

*

काठपदर:

आणि खाली रंगाचं नाव लिहायला विसरू नका हं. वांगी लिहिलं की निम्म्या बायकांना फोटो न बघताच कळतं. निळी हवी असणारी मग आधीच विचारेल.

*

धागाकर्ती:

लिहिते आजपासून. त्या परत आलेल्या वांगी साडीचा नवीन फोटो रात्री ग्रुपवर टाकतेय, ह्यू सरकवून, कडेला ग्रे कार्ड ठेवून.