लवचीक स्फटिक आले म्हणून कॉलम भंगारात? काहीही लिहू नका

वेर्णेकर
काल इथे 'दिगंत'ने लिहिलं, "आकार बदलणारे स्फटिक सापडलेत. एकमेकांसारखे हायड्रोकार्बन चुटकीसरशी वेगळे होतात. रिफायनरीतले ऊर्ध्वपातनाचे मनोरे आता भंगारात." खाली लाइकचा पाऊस. एकोणीस वर्षं गोव्यात वेर्ण्याला सॉल्व्हंट रिकव्हरीत, म्हणजे वापरलेले द्रावक पुन्हा शुद्ध करण्याच्या कामात, काढली आहेत, म्हणून गप्प बसवत नाही.

उदाहरण दिलंय झायलीनचं. त्याचे पॅरा, मेटा आणि ऑर्थो असे प्रकार. पॅरा उकळते 138.4 अंशांना, मेटा 139.1 ला. पाऊण अंशाचाही फरक नाही. ही जोडी कॉलममध्ये, म्हणजे उकळून वाफ वेगळी करणाऱ्या त्या मनोऱ्यात, कोणी फोडतच नाही हो! पॅरा 13 अंशांना गोठते, मेटा उणे 48 ला, म्हणून आधी गोठवून काढायचे. 1971 च्या सुमारास झिओलाइटवर, म्हणजे बारीक भोकांच्या खनिजावर, शोषून घेण्याची पद्धत आली, ती आजही चालते. कॉलममधून निघते ती ऑर्थो, कारण ती 144 ला उकळते. मग भंगारात नेमका कुठला मनोरा जाणार?

आणि एक अनुभव. आमच्याकडे एकदा पाणी शोषायला नव्या मॉलिक्युलर सीव्ह, म्हणजे बारीक भोकांचे दाणे, भरल्या. विकणाऱ्याने आकाश ठेंगणं केलं होतं. तीन महिन्यांत भुकटी, फिल्टर तुंबले, मी दोन रात्री घरी गेलो नाही. जो दाणा प्रत्येक फेरीला फुगतो आणि आकसतो, त्याचं काय होईल?

स्फटिकवेडी
दादा, झायलीनचं बरोबर आहे. पण एका जोडीवरून तुम्ही सगळा विषयच मोडीत काढला. स्टायरीन आणि एथिलबेंझीन घ्या. उकळतात 145 आणि 136 अंशांना. हे आजही कॉलममध्येच होतं, तेही व्हॅक्यूमखाली, कारण स्टायरीन तापलं की आपसांत जुळून घट्ट होतं. म्हणून इनहिबिटर, म्हणजे ते जुळणं रोखणारं रसायन, घालावा लागतो. तुम्हीही घातला असेल.

2008 मध्ये जपानमध्ये तोमोकी ओगोशींनी पिलरअरीन केलं, खांबांच्या कड्यासारखा रेणू. सहा खांबांच्या प्रकाराचे कोरडे स्फटिक घेतले तर त्यांना भोकंच नसतात. झिओलाइट ही चाळणी, तिची भोकं आधीच ठरलेली. इथे योग्य बांध्याच्या रेणूची वाफ आली की स्फटिक स्वतःची रचना बदलून त्याला जागा करून देतो. तापवलं की पाहुणा बाहेर आणि स्फटिक पुन्हा मिटतो. 2017 मध्ये चीनच्या आणि लिव्हरपूलच्या मंडळींनी निम्म्या-निम्म्या मिश्रणातून 99 टक्क्यांहून शुद्ध स्टायरीन काढून दाखवलं. ही चुटकी नव्हे, वर्षानुवर्षांची मेहनत आहे.

वेर्णेकर
किती ग्रॅम? किती तासांत? बाय, तुमच्या बाटलीत वाफ सावकाश मुरते. प्लांटला तासाला टनांत माल लागतो. आणि पाहुणा बाहेर काढायला तापवायचंच आहे, तर उष्णता वाचली कुठे?

स्फटिकवेडी
सगळं मिश्रण पुन:पुन्हा उकळून, थंड करून परत कॉलममध्ये सोडण्यापेक्षा (रिफ्लक्स) स्फटिकात बसलेला तेवढाच रेणू हाकलायला कमी उष्णता पुरावी, अशी अपेक्षा आहे. जगाच्या ऊर्जेचा 10 ते 15 टक्के भाग ऊर्ध्वपातनासारख्या, मिश्रणं वेगळी करण्याच्या प्रक्रियांत जातो असा अंदाज 2016 मध्ये 'नेचर'मध्ये छापून आला होता. तासांचं मात्र खरं आहे. वेग कमी आहे, आणि त्यावर माझ्याकडे आज उत्तर नाही.

सत्तरीकर
दोघांचंही वाचलं. आमच्या घरची काजूच्या बोंडूंची दारू काढायची भट्टी आहे, आजोबांपासून. दारू 78 ला उकळते, पाणी 100 ला. चांगला 22 अंशांचा फरक. तरी पहिल्या वाफेला हुर्राकच, म्हणजे सौम्य दारूच, मिळतो, फेणी करायला भाण, म्हणजे भट्टीचं भांडं, पुन्हा चढवावंच लागतं. लाकूड किती जातं ते रानात जाऊन मोळ्या वाहणाऱ्याला विचारा. मग पाऊण अंशाची गोष्ट केवढी कठीण, ते आम्हाला शिकवावं लागत नाही. पण गोव्यातली पोरं असल्या शोधांवर भांडतात आणि काजूला दर नाही, बोंडू गवेरेड्यांनी आणि माकडांनी खाल्ला, यावर एक ओळ नाही!

फोंडेकर
लाकडाचं दुःख सांगू नका. आता अर्धी सत्तरी गॅसवर काढते आणि म्हणूनच चव गेली. मातीची भांडी गेली, तांबं आलं, 2009 ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाला आणि बाटलीत वास उरला नाही.

सत्तरीकर
तुम्ही कधी भट्टीसमोर रात्र काढली आहे का? माझ्या आईचे डोळे धुराने गेले. गॅस आला म्हणून ती या वयात निजते तरी. चव जाते ती घाईने, आच मोठी ठेवल्याने. इंधनाने नाही!

फोंडेकर
आईचं वाचून वाईट वाटलं. पण चवीचं मी मागे घेणार नाही. पंचवीस वर्षं पितोय.

स्फटिकवेडी
तुमचं भांडण विषयाला धरूनच आहे. फेणीचा वास म्हणजे वाफेबरोबर आलेले थोडेसे एस्टर आणि इतर रेणू. तिथे सगळं वेगळं झालं तर फेणी उरतच नाही, नुसती दारू उरते. स्टायरीनमध्ये उलट. पॉलिस्टायरीन करायचं तर एथिलबेंझीन काढावंच लागतं. म्हणून भट्टीला स्फटिक नको, प्लांटला हवा.

वेर्णेकर
बरं. स्टायरीनचं मान्य. व्हॅक्यूम कॉलमवर मी इनहिबिटर चुकलेला पाहिलाय, आतले ट्रे अक्षरशः छिन्नीने खरवडले. तो त्रास टळणार असेल तर मला हवंच आहे. पण हजार फेऱ्यांनंतर दाणा शाबूत राहिलेला दाखवा, तोवर मनोऱ्यांना हात लावू नका.

दिगंत
लाइकसाठी लिहिलं नव्हतं. 2025 चं रसायनशास्त्राचं नोबेल धातू-सेंद्रिय जाळ्यांना, म्हणजे धातू आणि सेंद्रिय रेणू जोडून केलेल्या सच्छिद्र स्फटिकांना मिळालं, विजेत्यांतल्या सुसुमु कितागावांनी तर लवचीक जाळी आधीच मांडली होती, त्या भरात लिहिलं. 'भंगारात' आणि 'चुटकीसरशी' काढतो. बाकीचं राहू दे.

वेर्णेकर
झायलीनचं उदाहरणही बदल.

दिगंत
बदललं. स्टायरीन घातलं.

सत्तरीकर
फोंडेकर, एप्रिलात घरी या. लाकडावरचा आणि गॅसवरचा, दोन्ही हुर्राक समोर ठेवतो. न बघता ओळखा.

फोंडेकर
येतो. भांडी मातीची असू द्या.