चर्चिलला मे १९४० चं श्रेय द्यायचं की नाही?

आडवाट
चर्चिलचं नाव निघालं की आपल्याकडे दोनच सूर लागतात. एक ‘हिटलरला अडवणारा वाघ’, दुसरा ‘बंगालचा मारेकरी’ (१९४३ च्या दुष्काळावरून). मग तेव्हाचा व्हाइसरॉय वेव्हेल याच्या रोजनिशीतली ती तार निघते (गांधी अजून मेले कसे नाहीत, असं चर्चिलनं जुलै १९४४ मध्ये विचारलं होतं) आणि चर्चा तिथेच संपते. माझं म्हणणं असं की दोन्ही खाती वेगळी ठेवावीत. मे १९४० चं, म्हणजे हिटलरशी तह न करता लढत राहण्याचं, श्रेय त्याला पुरेपूर द्यावं, ‘पण’ न लावता.

आणि हे श्रेय भाषणांचं नाही. किनाऱ्यांवर लढण्याचं ते गाजलेलं भाषण ४ जूनचं. खरा पेच त्याआधीच सुटला होता, २६ ते २८ मे या तीन दिवसांत, बंद दाराआड. युद्धमंत्रिमंडळ पाच जणांचं: चर्चिल, आधीचा पंतप्रधान चेंबरलेन, परराष्ट्रमंत्री हॅलिफॅक्स, आणि मजूर पक्षाचे अ‍ॅटली, ग्रीनवुड. फौज फ्रान्सच्या किनाऱ्यावर डंकर्कला अडकलेली, त्यातले ४५ हजार सुटले तरी खूप, असा आरमाराचा अंदाज. (पुढे ३ लाख ३८ हजार सुटले, पण ते तेव्हा कुणाला ठाऊक?) हॅलिफॅक्सचं म्हणणं, मुसोलिनीमार्फत तहाच्या अटी निदान विचारून तर बघू. तोही काही फितूर नव्हता. त्या घडीला ते शहाणपणाचंच वाटावं असं होतं. चर्चिलला पंतप्रधान होऊन तीन आठवडेही झाले नव्हते, त्याचा स्वतःचा पक्ष त्याच्याकडे संशयानं बघत होता. २८ च्या संध्याकाळी त्यानं बैठक थांबवली, बाहेरच्या पंचवीसेक मंत्र्यांना बोलावलं, त्यांचा पाठिंबा खिशात टाकला आणि मग पुन्हा त्या चौघांसमोर जाऊन बसला. हॅलिफॅक्सचा विषय तिथेच मिटला. याला मी राजकारण म्हणतो.

कोरा कागद
पाचात चर्चिलचं मत एक. अ‍ॅटली आणि ग्रीनवुड हे मजूर पक्षाचे दोघे पहिल्यापासून तहाच्या विरोधात होते आणि शेवटी चेंबरलेनही वळला. त्यांना श्रेय कोण देणार?

शिवाय या माणसाचा आधीचा हिशेब बघा. १९१५ ला तुर्कस्तानात गॅलिपोलीच्या फसलेल्या स्वारीत हजारो पोरं मारून बसला. अर्थमंत्री म्हणून १९२५ ला पौंड युद्धापूर्वीच्या दरानं सोन्याला बांधला, कोळसा निर्यात महागली, खाणमालकांनी मजुरीवर सुरी फिरवली आणि पुढच्याच वर्षी सार्वत्रिक संप. १९३५ च्या भारत कायद्याला विरोध करण्यात तर कित्येक वर्षं घालवली. इतक्यांदा चुकलेला माणूस एकदा बरोबर निघाला, तर आपल्याकडे त्याला कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ म्हणतात.

आडवाट
कावळा नाही हो. १९३३ पासून तो जर्मनीच्या शस्त्रसज्जतेवर कानीकपाळी ओरडत होता. १९३८ ला चेकोस्लोव्हाकियाचा तुकडा हिटलरला देणाऱ्या म्युनिकच्या करारानंतर देश जल्लोष करत असताना त्यानं संसदेत त्याला सपशेल पराभव म्हटलं. सहा-सात वर्षं पदाबाहेर बसून एकच गोष्ट सांगत राहणं याला योगायोग म्हणत नाहीत.

अ‍ॅटलीबद्दल मान्य. पण अ‍ॅटली पंतप्रधान होणार नव्हता. पर्याय हॅलिफॅक्सच होता.

खारा वारा
खाती वेगळी ठेवण्याची सोय इंग्रजांना आहे. आपण का ठेवावीत?

बंगालचा दुष्काळच घ्या. १९४२ ला ब्रह्मदेश पडला, तिथला तांदूळ बंद. जपानी येतील म्हणून किनारपट्टीवरच्या बंगालमधला तांदूळ उचलला आणि दहाहून जास्त माणसं नेणाऱ्या होड्या काढून घेतल्या किंवा मोडल्या. होडी गेली की कोळ्याचं जाळं घरात पडून, कुंभाराची मडकी बाजाराला जात नाहीत, नदीतल्या चरांवर (गाळाच्या बेटांवर) ज्याचं शेत तो पलीकडे जाऊ शकत नाही. ऑक्टोबरात मेदिनीपूरला चक्रीवादळ. त्यात सैन्याच्या खर्चासाठी नोटा छापल्या जात होत्या, बदल्यात लंडनमध्ये भारताच्या नावावर पौंड जमा होत होते. पौंड कागदावर, महागाई मात्र रोख. सरकारी चौकशी आयोगानं मृत्यू पंधरा लाख धरले, बरेच अभ्यासक तीस लाखांच्या आसपास जातात.

आणि ऐन १९४३ च्या जानेवारीत हिंदी महासागरातली व्यापारी जहाजं चर्चिलनं अटलांटिककडे वळवली. ऑगस्टमध्ये भारतमंत्री एमरी पाच लाख टन धान्य मागतो, त्याला त्याचा तुकडा देऊ केला जातो. एमरी कोण, तर हॅरोच्या शाळेपासूनचा चर्चिलच्या ओळखीचा, त्याच्याच पक्षाचा! त्यानंही रोजनिशीत चर्चिलची तुलना हिटलरशी केली आहे.

बोरूबहाद्दर
सगळं खापर एकाच डोक्यावर का? होड्यांचा निर्णय इथल्या लष्कराचा आणि प्रशासनाचा. दुसऱ्या प्रांतांनी आपापलं धान्य अडवून धरलं. साठेबाज आपलेच होते. बंगालचं अन्नपुरवठा खातं एप्रिल १९४३ पासून इथल्याच सुऱ्हावर्दींकडे होतं. प्रांतिक सरकारनं फॅमिन कोड (दुष्काळ जाहीर करून मदत सुरू करायचे नियम) लागूच केलं नाही. आणि एप्रिल १९४४ मध्ये चर्चिलनं स्वतः रूझवेल्टकडे धान्यासाठी जहाजं मागितली, रूझवेल्टनं नाही म्हटलं. वंशद्वेष्टा होताच, त्यावर वाद नाही. पण द्वेष हे एकमेव कारण असतं, तर ते पत्र गेलंच नसतं.

कोरा कागद
त्याच्या लोकांनीही त्याला ओळखलं होतंच. १९४५ च्या प्रचारात त्यानं समाजवाद आणायला गेस्टापोसारखं काहीतरी लागेल असं म्हटलं. कुणाला? पाच वर्षं ज्याच्यासोबत सरकार चालवलं त्या अ‍ॅटलीच्या पक्षाला! मजूर पक्ष ३९३ जागा घेऊन आला. मतदारांनी तुमच्यासारखीच खाती वेगळी ठेवली की.

आडवाट
तेच तर म्हणतोय! आणि त्याच मतदारांनी १९५१ ला परत आणलं.

कोरा कागद
मतांनी मजूर पक्षच पुढे होता तेव्हाही. जागांनी आणलं. आणि आल्यावर केनियात माऊ माऊ बंड कसं चिरडलं तेही लिहा.

खारा वारा
बोरूबहाद्दर, ‘सगळं खापर एकाच डोक्यावर का’ हा तुमचा मुद्दा मला कळतो, पण म्हणून युद्धात इलाज नव्हता असं नाही. ऑक्टोबर १९४३ मध्ये वेव्हेल व्हाइसरॉय झाला आणि आठवड्याभरात कोलकात्यात पोचला. धान्य गावोगाव पोचवायला सैन्य लावलं. युद्ध तेच होतं, जपानी त्याच सीमेवर होते. आधीचा व्हाइसरॉय लिनलिथगो तर दुष्काळात बंगालमध्ये फिरकलाही नव्हता. म्हणजे इलाज होता, करायचा नव्हता.

बोरूबहाद्दर
वेव्हेलला नेमलं कुणी? चर्चिलनंच. आणि डिसेंबरचं अमन (हिवाळी भाताचं) पीक उत्तम आलं, म्हणून उतार पडला. श्रेय पावसालाही द्या.

खारा वारा
नेमलं ते इथली राजकीय आघाडी गप्प ठेवायला, सैनिक आहे, फार डोकं चालवणार नाही म्हणून. त्यानं चालवलं, हा चर्चिलचा अपेक्षाभंग.

पिकाचं म्हणाल तर मलेरिया, कॉलरा, देवी यांनी १९४४ भर माणसं मरतच होती आणि वेव्हेल लंडनला धान्यासाठी तारांवर तारा करत होता. पीक इतकं पुरेसं होतं, तर तुमच्या चर्चिलनं एप्रिलमध्ये रूझवेल्टकडे जहाजं कशाला मागितली?