मदत हवी आहे: फवारणीचा ड्रोन भाड्याने चालवायचाय, अनुदान आणि परवानगीचं गणित जुळत नाही (नागपूर)

नमस्कार मंडळी,

बी.एस्सी. ॲग्री झालंय. काटोल तालुक्यात कपाशी, तूर आणि संत्र्यावर भाड्याने फवारणी करून द्यायची ठरवलंय. ड्रोन १० लिटर टाकीचा, म्हणजे २ ते २५ किलोच्या ‘स्मॉल’ गटातला. रिमोट पायलटचं प्रमाणपत्र काढतोच आहे.

सरकारने वाट बरीच मोकळी केली, हे मान्यच. २०२१ च्या ड्रोन नियमांत २५ फॉर्मचे ५ झाले. २०२२ मध्ये परदेशी तयार ड्रोनची आयात बंद केली, सुटे भाग मात्र येऊ दिले, म्हणून देशी बनावटीला गिऱ्हाईक मिळालं. सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीही ५ टक्क्यांवर आला.

घोडं अडतंय अनुदानाशी. कृषी पदवीधराला भाडे केंद्रासाठी (अवजारं भाड्याने देणारं केंद्र) ड्रोनच्या किमतीच्या ५० टक्के, कमाल ५ लाख. नमो ड्रोन दीदी योजनेत महिला बचत गटाला ८० टक्के, कमाल ८ लाख. गटातल्या ताईंना ते मिळायलाच हवं. पण एकाच शिवारात दोघं उतरलो, तर त्यांना परवडेल त्या एकरी दरात माझा बँकेचा हप्ता निघणार नाही. मग ड्रोन गटाचा; उडवणं, बॅटऱ्या, जनरेटर, दुरुस्ती माझ्याकडे, असा करार कुणी केलाय का? योजनेत तो बसतो का?

दुसरं म्हणजे परवानगी. शहराला लागून असलेल्या गावांतूनही विचारणा येते. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किमीच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंत मोकळीक आहे, आणि आपण तर पिकावर दोन-तीन मीटरवरच उडणार. पण त्याहून जवळच्या शेतांसाठी परवानगी कुणी काढली आहे का? किती दिवस लागले? बोंडअळी कागदासाठी थांबत नाही.

संत्रावाल्यांनाही विचारतो: दाट झाडात पानांच्या मागे औषध पोचतं का? नसेल पोचत तर बागेचं काम मी घेणारच नाही, शेतकऱ्याचे पैसे पाण्यात जायला नकोत.

हे काम मला करायचंच आहे. २०१७ मध्ये यवतमाळात फवारणीच्या विषबाधेने माणसं गेली. आमच्याकडे अजूनही मजूर पाठीवर पंप घेऊन छातीइतक्या पऱ्हाटीत शिरतो, तोंडाला फक्त दुपट्टा. वारा फिरला की सगळे तुषार त्याच्याच अंगावर.

विदर्भात कुणी एक हंगाम जरी ड्रोन चालवला असेल, तर एकरी दर आणि बॅटरीचा खरा खर्च कृपया इथेच लिहा. बँकेत प्रकरण टाकण्याआधी आकडे हाताशी हवेत.