मदत हवी आहे: वर्डप्रेस हलवल्यावर अर्धाच मराठी मजकूर बिघडलाय

नमस्कार मंडळी, फोंड्यातल्या एका वाचनालयाची वर्डप्रेस साइट नव्या होस्टवर आणली. जुने मराठी-कोंकणी लेख लॅटिन अक्षरांचा कचरा झालेत, नवे नीट दिसतात. डेटाबेसमध्ये 'म'चं हेक्स (साठवलेल्या बाइट्सचे आकडे) ई०ए४एई हवं, तिथे सी३ए०सी२ए४सी२एई आहे. म्हणजे दुहेरी एन्कोडिंग: यूटीएफ-८ मजकूर लॅटिन१ समजून पुन्हा यूटीएफ-८ मध्ये बदलला गेलाय. जुना सर्व्हर बंद, पुन्हा डंप (डेटाबेसची पूर्ण प्रत) मिळणार नाही. एसएसएच (सर्व्हरवर थेट कमांड चालवायची सोय) नाही, फक्त पीएचपीमायअ‍ॅडमिन (ब्राउझरमधून डेटाबेस हाताळायचं साधन).

डेटाबेसच्या प्रतीवर रकान्याचं एन्कोडिंग लॅटिन१, बायनरी, मग यूटीएफ८एमबी४ (मायएसक्यूएलमधलं पूर्ण यूटीएफ-८) असं कन्व्हर्ट करून पाहिलं. निव्वळ जुने लेख सुधारले. पण ज्या पानांत नंतर नवी सूचना जोडली, तिथे त्या चांगल्या मजकुराची प्रश्नचिन्हं झाली. रिव्हिजन (लेखाच्या आधीच्या आवृत्त्या) बंद होत्या.

एकाच रकान्यातला फक्त बिघडलेला भाग पीएचपीने कसा पकडावा? आणि विजेट्सच्या सीरियलाइज्ड डेटात प्रत्येक मजकुरासोबत त्याची बाइट्समधली लांबी नोंदलेली असते, ती त्यानंतर जुळेल का?