मदत हवी आहे: मुलांसमोर उताऱ्याचं चित्रच उभं राहत नाही

मोगरा_नाशिक: लवकर सांगा, सोमवारी पाठनिरीक्षण आहे. उतारा पंचेंद्रियांनी अनुभवायचा, असा विषय घेतलाय. मुलं खडाखडा वाचतात, पण काय जाणवलं विचारलं की ‘छान वाटलं’च्या पुढे गाडी सरकत नाही. काय करू?

सातपूरकर: इयत्ता? माध्यम? उतारा कशाचा?

गोदाकाठ: प्रोजेक्टर लावा, व्हिडिओ दाखवा. पाच मिनिटांचं काम.

निफाडची_मास्तरीण: आयतं चित्र दाखवल्यावर मुलांनी मनात काय उभं करायचं? शिवाय व्हिडिओला वास नसतो. पुस्तकं मिटायला लावा, उतारा तुम्ही वाचा, सावकाश. ‘काय दिसलं’ शेवटी. आधी नाक, कान. आमच्याकडे एक पोरगं तोंडच उघडत नसे. गोष्टीतल्या घराजवळ कसला वास येत असेल विचारलं, तर म्हणालं, ‘चाळीत खालचा कांदा सडल्यावर येतो तसा. पप्पा म्हणतात, भाव येऊ दे.’ मग बाकीच्यांचे हात वर.

गोदाकाठ: शहरातल्या पोरांना कांद्याची चाळ कुठून माहीत असणार, बाई?

मोगरा_नाशिक: सहावी, सेमी. उतारा आठवडेबाजाराचा, दुसरा कशाचा असणार? पस्तीस मिनिटांत बसवायचंय, भांडू नका.

निफाडची_मास्तरीण: मग सोपंच आहे. गोदाघाटावरचा बुधवारचा बाजार पाहिलेली पोरं निघतील. भिजलेली कोथिंबीर हातात द्या, वास घेऊ दे. पण प्रत्येक उत्तरानंतर ‘कोणत्या शब्दावरून वाटलं?’ विचारा आणि त्या शब्दाखाली रेघ मारायला लावा. नाहीतर पोरं उतारा सोडून मॉलमध्ये पोचतात.

अंधारकोठडी: कुणाला काहीच दिसलं नाही तर रागावू नका. काहींच्या मनात चित्र उमटतच नाही. मेंदूविकारतज्ज्ञ अ‍ॅडम झीमन आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये याला ‘अफँटेशिया’ नाव दिलं. मी त्यातलाच. डोळे मिटले की काळोख, पण बाजाराचा गलका बरोबर आठवतो. म्हणून नाक-कान आधी, हे पटलं.

गोदाकाठ: आता सहावीच्या पोरांना आजारही चिकटवा!

अंधारकोठडी: आजार कोण म्हणालं?

बीएड_२४: ताई, पाठ टाचण झालं की मलाही पाठवा ना. माझा विषय भूगोल आहे, पण चालेल.

मोगरा_नाशिक: कोथिंबीर घेते. तपासायला येणारे साहेब ‘हा पसारा कशाला’ म्हणाले तर?

सातपूरकर: त्यांच्याही हातात एक जुडी द्या. अवांतर: बुधवारी घाटावर गाडी कुठे लावता हो?